सातपूरला कोणीही करून देईल

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, बायको म्हणते आता सोडा ते. नाही सुटत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांचा असा राग राहिला नाही मनात. दरोडेखोर निदान स्वतःला सज्जन तरी म्हणवून घेत नाही. या प्रकरणात सगळे सज्जन होते. नाव मी कोणाचंच लिहिणार नाही. ज्यांचं त्यांना कळेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिक ग्रामीणच्या स्थानिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. जिल्ह्यातल्या ठाण्यांच्या गंभीर गुन्ह्यांवर लक्ष ठेवायचं आणि जिथे तपास अडला असेल तिथे हात घालायचा, हे आमच्या शाखेचं काम. हा गुन्हा मात्र अडलेला नव्हताच. तो सुटला म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

शहराच्या पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाला भाजीपाल्याचे मळे आहेत. पेठ तालुक्याकडचं एक कोकणा आदिवासी जोडपं तिथे एका मळ्यात टोमॅटो खुडायला आलं होतं. भात कापून झाला की ही माणसं डोंगरातून खाली उतरतात, मळ्यातच झोपडी घालतात आणि हंगाम संपला की परत जातात. त्या दिवशी ऊन कलताना बाई सरीत वाकून टोमॅटो खुडत होती. एकदम ओरडली आणि पडली. पाठीत गोळी. आसपास पाच-दहा माणसं काम करत होती, पण बार ऐकला असं एकानेही सांगितलं नाही. नवऱ्याने तिला पाठीवर घेतलं, डांबरी रस्त्यापर्यंत धावला, आणि दुधाच्या गाडीतून तिला सिव्हिलला आणलं.

आता यात पोलिसांनी काय करावं? गोळी कोणत्या दिशेने आली ते बघावं, शेजारी कोणाकडे हत्यार आहे ते बघावं. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने झोपडीची झडती घेतली. कुडाच्या वरच्या बाजूला एक ठासणीची बंदूक सापडली, बापाच्या वेळची, विनापरवाना. झालं. नवऱ्याला उचललं. नवरा-बायकोचं भांडण, रागाच्या भरात बार. दोन दिवसांनी नवऱ्याने कबूलही केलं. प्रभारीने मला फोनवर सांगितलं, "सर, डिटेक्ट झाला. आरोपीने कबुली दिलीय."

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात काय किंमत असते ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण कबुली आली की तपास करणाऱ्याचे पाय थांबतात. पुढे कोणी शोधतच नाही.

मी कागद मागवले. त्यात बाईचा जबाब होता, चार ओळींचा. ती म्हणाली होती की नवरा माझ्या समोर क्रेट बांधत होता आणि मला लागलं पाठीमागून. त्याखाली प्रभारीने आपलं मत जोडलं होतं, की जखमी ही आरोपीची पत्नी असल्याने त्याला वाचवण्यासाठी तसं सांगत आहे. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मरणाच्या दारात आणि हा तिच्या मनातलं ओळखतोय.

मी सिव्हिलला गेलो. गोळी कण्याच्या जवळ रुतली होती म्हणून डॉक्टरांनी लगेच हात घातला नव्हता. मी गेलो त्याच दिवशी दुपारी शस्त्रक्रिया झाली. त्याआधी बाईशी बोललो. पालथी झोपवलेली होती, मान एका बाजूला वळवलेली. वय पंचविशीचं असेल.

"त्यांनी नाय मारलं, साहेब," ती म्हणाली. "ते म्होरं व्हते माज्या. म्या सगळ्यांना सांगितलं. कोनी लिवलं नाय."

"लिहिलंय," मी म्हटलं.

"मग सोडलं का नाय?"

मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो.

डॉक्टरांनी गोळी काढून स्टीलच्या वाटीत ठेवली होती. पंच बोलावून पंचनामा करताना मी ती नीट पाहिली. ठासणीच्या बंदुकीत माणसं शिशाचे तुकडे, छर्रे, कधी खिळेसुद्धा भरतात. ही त्यातली नव्हतीच. कारखान्यात घडवलेली, सारख्या आकाराची, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी गोळी होती. पोलीस स्पर्धांमध्ये मी नेमबाजी केलेली आहे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. पॉइंट टू-टू. या रायफलच्या काडतुसाला घोडा मधोमध न बसता काठावर बसतो, म्हणून तिला रिमफायर म्हणतात. नेमबाजीच्या क्लबात आणि शौकीन लोकांकडे असते. टोमॅटो खुडणाऱ्याच्या कुडात नसते. हे ओळखायला प्रयोगशाळेच्या अहवालाची गरज नव्हती. त्या अहवालाची वाट बघत बसलो असतो तर तोवर तो माणूस आत सडला असता.

गोळीत आणखी एक गोष्ट होती. तिची एक बाजू सपाट घासलेली होती. हाडाला लागून चेपते तशी नाही, तर तासल्यासारखी.

मुद्देमाल सील करून प्रयोगशाळेकडे रवाना केला आणि मी थेट शहरातल्या एका परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. जुन्या बाजारपेठेत त्याचं दुकान. वडिलोपार्जित धंदा, पांढराशुभ्र सदरा, भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला. आमच्या खात्यातले बरेच जण त्याच्याकडे खासगी हत्यारं साफ करायला देत. मी त्याला गोळीचं वर्णन सांगितलं.

"एका बाजूने तासलेली म्हणजे नळीच्या तोंडाला काहीतरी बसवलं होतं, साहेब," तो म्हणाला. "आवाज दाबायचं नळकांडं. आणि ते वाकडं बसलं होतं. गोळी आतून घासून बाहेर पडली. अशी गोळी कुठे जाईल ते उडवणाऱ्यालाही सांगता येत नाही."

बार कोणी का ऐकला नाही ते आता कळलं. नळकांड्याने आवाज पार नाहीसा होत नाही, पण टू-टूचा मुळात लहान, शेजारच्या रानातून पंपाच्या मोटारीच्या घरघरीत कोण ऐकणार! मी विचारलं, "हे बसवतात कसं?"

"नळीच्या टोकाला आटे पाडावे लागतात," तो म्हणाला, आणि गप्प झाला.

माणूस बोलता बोलता मध्येच थांबला की त्याचं थांबणं ऐकायचं, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकलो होतो. मी चहा सांगितला. चहा आला, प्यायला, तरी तो फडक्याने काउंटरची काच पुसत राहिला.

"तुमच्याकडे कोण आलं होतं?" मी विचारलं.

"साहेब, गिऱ्हाइकाचं नाव सांगणं आमच्या धंद्यात बरं दिसत नाही."

"एक बाई पालथी पडलीय सिव्हिलमध्ये. तिचा पाय हलत नाही. तिचा नवरा लॉकअपमध्ये आहे. तुमच्या धंद्यात काय बरं दिसतं ते मला नंतर सांगा."

मग त्याने सांगितलं. पावसाळ्यात एक ठेकेदार आला होता. रस्त्यांची कामं घेणारा, मोठं नाव. पीक संरक्षणासाठी म्हणून टू-टू रायफलचा परवाना काढलेला. नळीच्या टोकाला आटे पाडून द्या म्हणाला. याने सांगितलं, हे माझ्याच्याने होणार नाही, परवानगी लागते, आणि नळीचं भोक आणि आटे एका रेषेत नसले तर जिवाशी खेळ होतो.

"मग?"

"मग तो म्हणाला, तुम्ही नाही म्हणता तर राहिलं. सातपूरला कोणीही करून देईल."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, जा मग."

जा मग! इतकं सगळं कळणारा माणूस, परवाना भिंतीवर टांगलेला, दर महिन्याला पोलिसांशी ऊठबस. ठेकेदार कशासाठी चाललाय ते याला ठाऊक, वाकडं बसलं तर काय होईल तेही ठाऊक. एक फोन करायचा होता. "साहेब, मी तर नकार दिला," असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. जणू मी त्याचा सत्कार करायला आलो होतो. मी म्हटलं, "तुम्ही स्वतःचे हात स्वच्छ ठेवलेत. फार उपकार झाले." तो खाली मान घालून बसला. घालू दे.

ठेकेदाराचं फार्महाऊस त्या टोमॅटोच्या मळ्याला लागूनच निघालं. मध्ये फक्त एक बांध आणि घाणेरीची झुडपं. आम्ही गेलो तेव्हा त्याने हसतमुखाने स्वागत केलं, काजू-बदाम पुढे ठेवले आणि बाईची चौकशीही केली. "बिचारी! दारू पिऊन मारतात हो हे लोक," म्हणाला. मी परवाना आणि रायफल तपासणीसाठी मागितली. रायफल चकचकीत. नळीच्या टोकाला पितळी टोपण.

"हे कशाला?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

टोपण फिरवलं तसं सुटलं. आत आटे.

"कंपनीतूनच असे आलेत," तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

मी नळी उजेडात धरली. आटे जिथे संपतात तिथल्या कडेवर एक बारीक खूण ठोकलेली होती. एक अक्षर आणि शेजारी ठिपका. ठेकेदाराच्या नजरेत ती कधी आलीच नसावी. माझ्या आली, कारण त्याआधी मी शहरात असताना सातपूरच्या कारखान्यांतल्या मालचोरीचे तपास केले होते. तिथल्या मशीनवर प्रत्येक कामगाराला आपला पंच, म्हणजे खूण ठोकायचा ठसा, असतो. जॉब पूर्ण झाला की त्यावर तो पंच मारायचा, म्हणजे माल नापास झाला तर कोणाला झापायचं ते सुपरवायझरला कळतं. वर्षानुवर्षं हे केलं की हाताला सवय लागते. घरचा पाट दुरुस्त केला तरी त्यावर पंच मारणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

ठेकेदाराने तोवर दोन फोन लावले होते. आम्ही रायफल जप्त करून गाडीत बसेपर्यंत वायरलेसवर मला विचारणा आली, की तुम्ही कोणाकडे गेलात ते तुम्हाला माहीत आहे ना. माहीत होतं. म्हणूनच गेलो होतो.

सातपूर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणून तिथल्या ठाण्यात आधी नोंद केली. त्या पंचाच्या खुणेची आकृती कागदावर काढून माझे दोन हवालदार साध्या कपड्यांत पाळी सुटायच्या वेळी चहाच्या टपऱ्यांवर उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी त्या खुणेचा टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा कामगार, सापडला. देवळ्याकडचा माणूस, चाळिशीचा, दिवसा कंपनीत, संध्याकाळी भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची जुनी लेथ. पंच बघितल्यावर त्याने नाकारलं नाही. उलट माझ्यावरच उखडला.

"मनी काय चूक शे, साहेब? ठेकेदाराने लायसन दाखवलं. लायसन असताना मी कशाला नाही म्हणू?"

"बंदुकीची नळी आहे हे कळत नव्हतं?"

"कळत व्हतं की. पंपाचा दांडा करतो, शाफ्ट करतो, तसं हे. जॉब तो जॉब."

"आधी कधी बंदुकीचं काम केलं होतंस?"

"नाही."

"मग?"

"तो म्हणाला, बंदूकवाला नखरे करतो, तू कर. म्हणून केलं. नळकांडंही मीच बनवलं." मग जरा थांबून म्हणाला, "पण ते परत आलंय."

मला आधी कळलंच नाही. "परत आलंय म्हणजे?"

टर्नरने शेडच्या कोपऱ्यातल्या नापास मालाच्या खोक्यात हात घातला आणि ते नळकांडं काढून माझ्या हातात दिलं. ठेकेदार स्वतः घेऊन आला होता. वाकडं बसतंय, गोळी डावीकडे जाते, नीट करून दे, असं सांगून ठेवून गेला. कधी? बाईला लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तारीख त्याला पक्की आठवत होती, कारण त्या दिवशी कंपनीला साप्ताहिक सुट्टी होती आणि ठेकेदाराने त्याला जेवणावरून उठवलं होतं.

मी ते नळकांडं हातात धरून तिथेच लेथजवळ उभा राहिलो. आतल्या कडेला शिशाचा ओरखडा स्पष्ट दिसत होता. विहिरीत टाकलं असतं, धरणात टाकलं असतं तर मला आयुष्यात सापडलं नसतं. पण या ठेकेदाराची सगळी हयात माल परत पाठवण्यात गेली होती. खडी बारीक आली, परत पाठव. पाइप वाकडा आला, परत पाठव, फुकट बदलून घे. एक बाई पाठीत गोळी घेऊन सिव्हिलमध्ये पडलीय, तिचा नवरा पोलिसांचा मार खातोय, आणि याला काय सुचलं? काम चुकलंय, दुरुस्त करून घ्यावं.

पंचांसमक्ष जप्ती केली, टर्नरचा जबाब घेतला आणि ठेकेदाराला चौकशीसाठी शाखेत बोलावलं. वकील घेऊन आला. पहिले दोन तास तो माझ्याशी माझ्या बदलीविषयी बोलत होता, कुठे जायला आवडेल वगैरे. मग मी टेबलावर रायफल ठेवली, शेजारी नळकांडं ठेवलं. दोन्हीवर तोच पंच, तेच अक्षर, तोच ठिपका.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"मग गोळी डावीकडे जाते हे तुम्हाला कसं कळलं?"

वकिलाने त्याच्या दंडाला हात लावला. पण ठेकेदार माणूस, कोणाचं ऐकायची सवय नव्हती. त्याला अजूनही वाटत होतं की समजावून सांगितलं की मिटेल.

"साहेब, बांधावर ससा होता. मी सशावर धरली होती. बाई मला दिसलीसुद्धा नाही. आता टर्नरने वाकडं काम केलं त्याला मी काय करणार?"

"ती ओरडली, ते ऐकलंत?"

तो वकिलाकडे बघायला लागला.

"ऐकलंत की नाही?"

"ऐकलं," तो म्हणाला. "म्हणून तर आत गेलो."

म्हणून तर आत गेलो. मी हे वाक्य केस डायरीत जसंच्या तसं लिहिलं. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. बार कोणाला ऐकू आला नाही, तो दाबायची सोय याने केलीच होती. पण तिचं ओरडणं याला ऐकू आलं, आणि हा घरात जाऊन बसला. मी उठून खिडकीपाशी गेलो, कारण बसून राहिलो असतो तर हात उठला असता. मग फौजदाराला सांगितलं, अटक करा.

खटल्याचं सांगून टाकतो. ठेकेदाराला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. खटला रखडत रखडत चालला, शेवटी हत्यार कायद्याखाली आणि निष्काळजीपणाखाली थोडीफार शिक्षा झाली. ती अपिलात आणखी आकसली. टर्नर साक्षीदार झाला, पण कंपनीने त्याला काढून टाकलं. बंदूक दुरुस्तीवाल्यावर कोणतंच कलम लागत नव्हतं. त्याचं दुकान उत्तम चाललं. ठाण्याच्या प्रभारीची साधी चौकशीही झाली नाही. मी लेखी अहवाल दिला होता, तो कोणत्या कपाटात गेला देव जाणे.

पण माझ्या लक्षात यातलं काही तितकं राहिलेलं नाही. लक्षात राहिला तो नवरा सुटला तो दिवस.

त्याच्याविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल आम्ही कोर्टात दिला. कुडातली ठासणी इतकी गंजलेली होती की तिचा चापही हलत नव्हता. कोर्टाच्या आदेशाने तो नाशिकरोडच्या कारागृहातून सुटला तेव्हा मी मुद्दाम गेटवर गेलो होतो. किडकिडीत माणूस, अंगावर अटकेच्या दिवशीचाच शर्ट, चालताना एक पाय ओढत होता. आत जाण्याआधी ठाण्यात काय झालं असेल ते मला विचारायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "सुटलास. जा आता."

तो हलला नाही. जीपकडे बघत राहिला. "साहेब, तुमी न्यायला आलात ना?"

"कुठे न्यायला?"

"दवाखान्यात. बायकोकडं."

मला वाटलं त्याचा काहीतरी घोटाळा होतोय. पण एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकत होती, ती विचारून घेतली. "बाबा, तू गोळी मारली नव्हतीस. मग कबूल का केलंस? मारलं म्हणून?"

"मारलं तवा नाय केलं," तो म्हणाला. "मारलं तरी म्या नायच म्हनत व्हतो. मंग ठान्याचं मोठं साहेब आलं. म्हनले, कबूल कर, लगेच गाडीनं दवाखान्यात नेतो, बायकोला बघशील. ती जगली का मेली कोनी सांगत नव्हतं. म्हनून म्या म्हनलो, हो."

"नेलं का?"

"नाय. म्हनले, उद्या." तो जमिनीकडे बघत होता. "म्या रोज इचारायचो."

मी त्याला जीपमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसवलं. बाई तोवर उशी लावून बसायला लागली होती, डावा पाय मात्र गेला तो गेलाच. नवरा खाटेजवळ जाऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या शर्टाकडे पाहिलं, आणि विचारलं, "जेवलास का?" त्याने मान हलवली. मी बाहेर निघून आलो.

लोक विचारतात, या नोकरीने काय शिकवलं. बाकी शिकवणीचं मला ठाऊक नाही, पण त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत माझी एक पद्धत होती. हाताखालचा अधिकारी आनंदाने सांगत आला, की सर, आरोपीने कबुली दिलीय, की मी त्याला शाबासकी द्यायचो नाही, मारलंस का असंही विचारायचो नाही, कारण त्याचं उत्तर मला ठाऊक असायचं. मी एवढंच विचारायचो, की त्याला काय कबूल केलं होतंस, आणि ते दिलंस का.